वर जाणारी पेटी

गेल्या उन्हाळ्यात आपल्या मंडळाच्या उद्योजक मेळाव्यात माझ्याकडे घंटेचं काम आलं होतं. म्हणजे असं, की तरुण स्पर्धक एकामागून एक व्यासपीठावर येणार, आपापली धंद्याची कल्पना दीड मिनिटात मांडणार, आणि वेळ संपली की मी टेबलावरची घंटा वाजवणार. कार्यक्रमपत्रिकेवर ह्या प्रकाराचं नाव 'एलिव्हेटर पिच' असं छापलं होतं. मंडळाच्या नाट्यसंगीताच्या बैठकींना मी बरीच वर्षं पेटीची साथ करत आलो आहे. त्या सवयीमुळे असेल, पण मला स्पर्धकांच्या कल्पनांपेक्षा त्यांचे आवाजच जास्त ऐकू येत होते. एक मुलगा काळी एकमध्ये बोलायला लागला तो शेवटची दहा सेकंदं उरली तेव्हा पांढरी चारवर जाऊन पोचला होता. घंटा वाजवताना मला त्याची दया आली.

चहाच्या वेळी तोच मुलगा जवळ आला नि म्हणाला, "काका, ह्याला एलिव्हेटर पिच का म्हणतात?" मी नेहमीचं उत्तर दिलं. लिफ्टमध्ये अचानक कंपनीचा सर्वांत मोठा साहेब भेटला, तर त्याचा मजला येईपर्यंत जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात आपलं म्हणणं सांगता आलं पाहिजे, म्हणून. त्यावर तो म्हणाला, "पण लिफ्टमध्ये तर कुणीच कुणाशी बोलत नाही."

खरं आहे. ह्या देशात येऊन इतकी वर्षं झाली, हजारो वेळा लिफ्टने वरखाली केलं, आणि त्यात झालेली संभाषणं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. मग बोलण्याच्या कलेला नेमकं ह्या मुक्या पेटीचं नाव कसं पडलं? हा प्रश्न माझ्या डोक्यात बसायला आणखी एक कारण होतं. माझे सख्खे काका मुंबईला फोर्टातल्या एका इमारतीत एकतीस वर्षं लिफ्टमन होते. त्यांच्याकडे शेवटी येईनच. आधी वाचनालयातून जे गोळा केलं ते सांगतो.

शब्दांपासून सुरुवात करू. एलिव्हेटर हा अमेरिकेचा शब्द, लिफ्ट हा इंग्रजांचा, आणि आपण मुंबई-पुण्याकडची माणसं इथे येईपर्यंत लिफ्टच म्हणत होतो. सरकारी मराठीत तिला 'उद्वाहन' म्हणतात. जुन्या संस्कृतात उद्वाह म्हणजे लग्न. 'उद्वाहन बंद आहे' अशी पाटी दिसली की आमचे संस्कृतचे मास्तर म्हणायचे, "चला, लग्नसराई संपली." पिचचं त्याहून गमतीदार आहे. सुराच्या पिचला आपण पट्टी म्हणतो आणि क्रिकेटच्या पिचला खेळपट्टी. इंग्लंडात रस्त्यावरच्या विक्रेत्याच्या ठरलेल्या जागेलाही पिच म्हणतात, आणि गिऱ्हाइकाला पटवायला तो जी ठरलेली बोलणी करतो तीही पिचच. म्हणजे सूर, जागा आणि पटवणं, तिन्ही एकाच शब्दात. लिफ्टचा इतिहास वाचत गेलो तेव्हा ह्या तिन्ही गोष्टी त्यात पहिल्यापासून गुंतलेल्या दिसल्या.

माणसं आणि माल दोरीने वर ओढायची युक्ती फार जुनी. फ्रान्सच्या पंधराव्या लुईने १७४३ मध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात स्वतःसाठी 'उडती खुर्ची' बसवून घेतली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या कारखान्यांतून माल वर चढवणारे पाळणे सर्रास होते. अडचण वर जाण्याची नव्हतीच, दोर तुटण्याची होती. पाळण्यात माणसाने बसावं असा भरवसा कुणालाच नव्हता.

एलिशा ग्रेव्ह्ज ओटिस हा व्हर्माँटमध्ये १८११ साली जन्मलेला कारागीर. बऱ्याच धंद्यांत हात घालून झाले होते, यश बेताचंच. न्यूयॉर्कजवळच्या याँकर्स गावात पलंग करणाऱ्या एका कारखान्यात तो मुख्य यंत्रकार म्हणून लागला आणि तिथे जड सामान वर चढवताना १८५२ च्या सुमारास त्याला ती युक्ती सुचली. युक्ती साधी होती. पाळण्याच्या माथ्यावर गाडीला असते तशी पोलादी पट्ट्यांची कमान बसवायची आणि दोर त्या कमानीला बांधायचा. पाळण्याचं वजन दोराला लटकलेलं असेपर्यंत कमान ताणून वाकलेली राहते. दोर तुटला की ताण जातो, कमान सपाट होते आणि तिची टोकं दोन्ही बाजूंच्या खांबांना पाडलेल्या करवती दातांत जाऊन अडकतात. पाळणा जागच्या जागी थांबतो. ब्रेक लावायला माणूस नको, कारण दोर तुटणं हाच ब्रेक लावण्याचा हुकूम.

पण माल खपेना. तेव्हा १८५४ मध्ये ओटिसने न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात आपलं यंत्र मांडलं. आज ब्रायंट पार्क आहे तिथे हे काचेचं प्रदर्शनगृह उभं होतं, पुढे १८५८ मध्ये ते जळालं. पुढच्या काळात सर्कशीमुळे गाजलेला पी. टी. बार्नम त्या वर्षी प्रदर्शनाचा कारभार पाहत होता, त्यामुळे तमाशाला जागा योग्य होती. ओटिस पिंपांच्या नि पेट्यांच्या ढिगासह पाळण्यावर उभा राहून लोकांच्या डोक्यांवर बराच उंच जाई आणि मग दोर तोडायला सांगे. दोर तुटे, पाळणा काही इंच खाली येई आणि थांबे. मग ओटिस टोपी काढून, "सगळं ठीक आहे, मंडळी, सगळं ठीक आहे," असं म्हणे, अशी हकिकत सांगतात.

घंटेच्या टेबलावर बसलेल्या माझ्यासारख्याला ही हकिकत वाचून हसू आलं. लिफ्टमधलं पहिलं पिच हेच. आणि किती थोडक्यात! माझं यंत्र किती वेगाने चढतं, किती वजन उचलतं, ह्याबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. गिऱ्हाइकाच्या मनातली भीती कोणती ते त्याने ओळखलं, ती भीती त्याच्या डोळ्यांदेखत घडवून आणली आणि काही बिघडत नाही एवढंच सांगितलं. तो विकत होता ब्रेक. आमच्या मेळाव्यातले बहुतेक स्पर्धक वर जाण्याबद्दलच बोलत होते.

माणसांसाठीची पहिली लिफ्ट २३ मार्च १८५७ रोजी न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवे आणि ब्रूम स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, हॉव्हाउट यांच्या चिनी मातीच्या नि काचेच्या सामानाच्या पाच मजली दुकानात सुरू झाली. (बराकपूरला मंगल पांडेंनी बंदूक उचलली त्याच्या सहा दिवस आधी. दोन्ही बातम्या एकमेकींपासून किती दूर!) वाफेवर चालणारी ही लिफ्ट मिनिटाला चाळीस फूट चढायची. साठ फूट चढायचे म्हटले तर दीड मिनिट. हा आकडा वाचून मी पेन खाली ठेवलं. आजच्या बेताच्या ऑफिस इमारतीतली लिफ्ट मिनिटाला पाचशे फूट सहज जाते, तिला तेवढ्याच अंतराला सात-आठ सेकंदं पुरतात. म्हणजे आपण पोरांना जे दीड मिनिट देतो ते १८५७ च्या लिफ्टचं आहे. आजच्या लिफ्टमध्ये साहेबाला नमस्कार म्हणेपर्यंत दार उघडतं.

त्याच सुमाराची पॅरिसमधली एक गोष्ट आमच्या पेटीवाल्यांच्या जिव्हाळ्याची, म्हणून विषयाला थोडा फाटा देतो. युरोपातल्या वाद्यवृंदांची पट्टी तेव्हा वर वर सरकत चालली होती. वाद्यं जितकी चढी लावावीत तितकी ती तेजस्वी वाटतात, म्हणून प्रत्येक शहर दुसऱ्याच्या वर एक पायरी चढे आणि गाणाऱ्यांच्या गळ्यांची वाट लागे. फ्रेंच सरकारने समिती नेमली, तीत रॉसिनी, बर्लिओझ, मायरबेअर अशी मंडळी होती, आणि १८५९ मध्ये कायद्याने ठरलं की 'ए' ह्या सुराची कंपनसंख्या सेकंदाला ४३५ असावी. आज जगभर चालते ती ४४० ची पट्टी १९३९ च्या लंडन परिषदेत ठरली. न्यूयॉर्कमध्ये वर जाणाऱ्या पाळण्याला ब्रेक लागला आणि दोन वर्षांत पॅरिसमध्ये वर जाणाऱ्या सुरालाही.

लिफ्टने घरांची उतरंड उलटी केली. त्याआधी इमारतीचा वरचा मजला म्हणजे जिने चढून दम लागणारा, म्हणून स्वस्त. तिथे मोलकरणी, विद्यार्थी आणि कफल्लक कवी राहायचे. १८७० मध्ये न्यूयॉर्कच्या इक्विटेबल विमा कंपनीने आपल्या कचेरीच्या इमारतीत लिफ्ट बसवल्या आणि वरच्या मजल्यांनाही चांगलं भाडं मिळू लागलं. त्याच सुमारास आपल्या मुंबईत काळा घोड्याजवळ लोखंडी सांगाड्याचं वॉटसन हॉटेल उभं राहिलं. १८९६ मध्ये ल्युमिएरांचा सिनेमा जिथे पहिल्यांदा दाखवला तेच. भारतातली पहिली वाफेवरची लिफ्ट तिथे होती असं मानतात.

आता लिफ्टमधल्या वागण्याकडे वळू. लिफ्ट म्हणजे खोली की रस्ता, हेच सुरुवातीला लोकांना कळत नव्हतं. एमिली पोस्ट ह्या बाईंनी १९२२ मध्ये शिष्टाचारावर जे जाडजूड पुस्तक लिहिलं त्यात नियम आहे की लिफ्टमध्ये बाई आली तर पुरुषाने टोपी काढून हातात धरावी आणि बाहेर पडल्यावर पुन्हा घालावी, कारण बाहेरचा बोळ हा रस्त्यासारखा, पण लिफ्ट ही खोलीसारखी. खोली खरी, पण तीत यजमान नाही आणि पाहुण्यांची ओळख नाही. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ च्या आपल्या पुस्तकात मांडलं की अमेरिकन माणूस दीड फुटाच्या आत फक्त अगदी जवळच्यांना येऊ देतो. गर्दीमुळे परके तेवढ्या जवळ आले तर तो अंग आखडून घेतो नि नजर शून्यात लावतो. लिफ्टमध्ये सगळे मजल्यांच्या आकड्यांकडे बघतात ते त्यासाठी. १९६२ मध्ये 'कँडिड कॅमेरा' ह्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने एक गंमत केली. लिफ्टमध्ये शिरलेली त्यांची सगळी माणसं दाराकडे पाठ करून उभी राहिली. मधे सापडलेला बिचारा परका गृहस्थ घड्याळ बघितल्याचं, नाक चोळल्याचं निमित्त करत हळूहळू स्वतःही वळला. हसता हसता विचार करायला लावणारं दृश्य आहे. आपण सगळे इथे आलो तेव्हा पहिली दोन-चार वर्षं दुसरं काय करत होतो?

मी मात्र सुरुवातीला उलट चूक केली. काकांच्या लिफ्टमध्ये लहानपणी जाऊन बसायचो, त्यामुळे लिफ्टमध्ये शिरलं की बटणांजवळ उभं राहायचं आणि येणाऱ्या प्रत्येकाला "कितवा मजला?" असं विचारायचं, हेच मला ठाऊक. पहिल्या नोकरीत आठवडाभर हा उद्योग केल्यावर एका सहकाऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "तू इथे इंजिनिअर आहेस." त्यात उपदेश होता की कीव, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

लिफ्टमधली शांतता नेहमी एवढी निरुपद्रवी नव्हती. ओक्लाहोमातल्या टल्सा गावात ३० मे १९२१ रोजी डिक रोलंड हा बूटपॉलिश करणारा काळा पोरगा ड्रेक्सेल इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरला. लिफ्ट चालवत होती सेरा पेज नावाची गोरी मुलगी. ती किंचाळली, तो पळाला. त्याचा तोल गेला नि त्याने आधाराला तिचा हात धरला असावा, किंवा पाय तिच्या पायावर पडला असावा, असंच बहुतेक जण मानतात. दुसऱ्या दिवशी त्याला अटक झाली, वर्तमानपत्राने बातमी भडकपणे छापली आणि त्या रात्रीपासून गोऱ्यांच्या जमावाने ग्रीनवुड ही काळ्यांची भरभराटीची वस्ती पेटवून दिली. सुमारे पस्तीस चौक बेचिराख झाले. मृतांचा अंदाज तीनशेपर्यंत जातो. रोलंडवरचा खटला पुढे काढून टाकण्यात आला. आपल्या मुलांच्या शाळेत हे शिकवत नव्हते आणि मलाही ते साठीनंतरच कळलं. एका लहानशा पेटीत दोन परकी माणसं काही क्षण एकत्र येतात, त्यातून केवढं काय होऊ शकतं!

इथे आपण लिफ्ट चालवणाऱ्यांपाशी आलो. जुनी लिफ्ट चालवणं हे कसबाचं काम होतं. हातातला दांडा एकीकडे ढकलला की वर, दुसरीकडे की खाली, मधे आणला की थांबा. पण नेमकी मजल्याच्या फरशीला लावायची तर कधी दांडा सोडायचा हे अंगवळणीच पडावं लागे. चार इंच वर राहिली तर उतरणारा पडेल, चार इंच खाली राहिली तर ठेचकाळेल. न्यूयॉर्कमध्ये हे काम करणाऱ्यांत काळ्यांचा आणि नव्याने आलेल्या स्थलांतरितांचा भरणा होता. १९१७ मध्ये त्यांची छोटीशी संघटना बांधण्याचा प्रयत्न ए. फिलिप रँडॉल्फ ह्या तरुणाने केला. पुढे रेल्वेच्या झोपण्याच्या डब्यांतल्या हमालांची मोठी संघटना उभारणारे आणि १९६३ चा वॉशिंग्टनचा मोर्चा घडवून आणणारे रँडॉल्फ ते हेच.

महायुद्ध संपून महिना होत नाही तोच, सोमवारी २४ सप्टेंबर १९४५ रोजी न्यूयॉर्कच्या सुमारे पंधरा हजार लिफ्टमन, दरवान आणि देखभाल कामगारांनी संप केला. प्रश्न पगाराचा आणि तासांचा होता. शहर जवळजवळ आठवडाभर अडलं. गगनचुंबी इमारतींच्या पायथ्याशी साहेबलोक ब्रीफकेस घेऊन उभे होते आणि वर जायचं कसं हे कुणाला सुचत नव्हतं. शेवटी गव्हर्नर ड्यूई मधे पडले. कामगारांनी आपली ताकद दाखवली आणि तीच त्यांना भोवली. आपोआप चालणाऱ्या लिफ्ट तोपर्यंत होत्याच, पण चालक नसलेल्या लिफ्टमध्ये लोक शिरायला भीत होते. संपानंतर मालकांनी ठरवलं की ही भीती घालवायची. गिरणगावात वाढलेल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. १९८२ च्या संपाने आपल्यालाही शिकवलं की काम बंद पडतं तेव्हा कामगार परत कधी येतील ह्याचाच विचार मालक करत असतो असं नाही.

आणि पुन्हा ओटिसचाच प्रयोग झाला, फक्त आवाजाने. १९५० मध्ये ओटिस कंपनीने 'ऑटोट्रॉनिक' नावाची चालकाशिवायची पद्धत आणली. जाहिरातींतून लहान मुलं आणि आजीबाई बटण दाबताना दिसू लागल्या. आत लाल रंगाचं थांबवायचं बटण आलं, टेलिफोन आला आणि ध्वनिमुद्रित आवाज आला, शांत, ठाय लयीतला, अजिबात न घाबरणारा. लिफ्टमन गेला आणि त्याच्या जागी त्याचा आवाज राहिला. अर्थशास्त्रज्ञ जेम्स बेसन यांनी काही वर्षांपूर्वी १९५० च्या अमेरिकन जनगणनेतल्या सुमारे २७० व्यवसायांची यादी घेऊन त्यांचं पुढे काय झालं ते पाहिलं. कुणाची मागणी गेली, कुणाचं तंत्र जुनं झालं. पण निव्वळ यंत्राने जागा घेतली म्हणून नाहीसा झालेला व्यवसाय त्यांना एकच सापडला, लिफ्टमनचा. संगणक आपली नोकरी खाईल का, ह्यावर आपल्या घराघरांतून सध्या जी चर्चा चालते तिच्यात मी हा आकडा सांगतो, आणि तो दिलासा म्हणून घ्यावा की धसका, हे ऐकणाऱ्याच्या वयावर अवलंबून असतं.

लिफ्टच्या आवाजात सुराचाही कायदा आला, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. अपंगांच्या हक्कांसाठी १९९० मध्ये जो कायदा झाला त्याखालच्या नियमांनुसार, लिफ्ट येते तेव्हा वर जाणार असेल तर एकदा आणि खाली जाणार असेल तर दोनदा आवाज व्हावा लागतो, किंवा दिशा बोलून सांगावी लागते. आंधळ्या माणसाला त्यावरून कळतं. शिवाय त्या आवाजाची कंपनसंख्या सेकंदाला १५०० च्या वर नसावी. म्हातारपणी आधी वरचे सूर ऐकू येईनासे होतात, हे माझ्या वयाच्या पेटीवाल्याला कुणी समजावून सांगायला नको. पुढच्या वेळी लिफ्टपाशी उभे असाल तर जरूर ऐका.

मधल्या शांततेत संगीत कोंबण्याची कल्पना एका लष्करी अधिकाऱ्याची. जनरल जॉर्ज स्क्वायर हे पहिल्या महायुद्धात अमेरिकन लष्कराच्या संदेशवहन दलाचे प्रमुख होते. तारेवरून घराघरांत कार्यक्रम पोचवायचा धंदा त्यांनी काढला आणि १९३४ मध्ये, स्वतःच्या मृत्यूच्याच वर्षी, 'कोडॅक' हा शब्द आवडे म्हणून 'म्युझिक'ला त्याचं शेपूट जोडून 'म्युझॅक' असं नाव ठेवलं. हॉटेलं, दुकानं, कारखाने, लिफ्ट, सगळीकडे ते शिरलं. पंधरा मिनिटं संगीत नि पंधरा मिनिटं शांतता, गाण्याचे शब्द काढून टाकलेले, आणि एकही जागा अशी नाही की जिथे ऐकणाऱ्याने मान वर करावी. वाजावं, पण ऐकू येऊ नये, हा त्याचा आदर्श. आपल्याकडे साथीदारालाही हेच सांगतात, पण त्याला निदान मधूनमधून दाद मिळते. वॉशिंग्टनच्या ट्राम-बसमधल्या अशा संगीताविरुद्ध दोन प्रवासी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५२ मध्ये ते हरले. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी खटल्यात भाग घेतला नाही, कारण ह्या छळाचे आपण स्वतःच बळी असल्यामुळे आपलं मन निःपक्षपाती नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं. म्युझॅक हे नाव २०१३ मध्ये मालकांनी बंद केलं. लिफ्टमधलं संगीत त्याआधीच विरत गेलं होतं. उरले आहेत ते छोटे पडदे, हवामान नि शेअरबाजार दाखवणारे. नजर लावायला शून्यापेक्षा बरे.

ह्या सगळ्यात 'एलिव्हेटर पिच' हा शब्द कुठून आला? दोन हकिकती आहेत. एक फिलिप क्रॉस्बी यांची. हे गुणवत्तेचे तज्ज्ञ, आयटीटी कंपनीत उपाध्यक्ष. लिफ्टपाशी थांबून त्यांनी कंपनीच्या प्रमुखाला गाठलं आणि मजला येईपर्यंत गुणवत्तेबद्दलचं आपलं म्हणणं ऐकवलं, असं सांगतात. दुसरी न्यूयॉर्कच्या एका मासिकातली. तिथल्या संपादकबाई एका जागी कधी बसतच नसत, म्हणून हाताखालचा संपादक त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरून लेखाच्या कल्पना सांगे. दोन्ही हकिकतींत लिफ्टमध्ये दोनच माणसं आहेत, एक कल्पना असलेला आणि एक अधिकार असलेला. लिफ्टमन कुठेच नाही. साहजिकच आहे, तोपर्यंत तो गेला होता.

आमचे काका कोकणातून मुंबईला आले ते चौथी शिकून. फोर्टातल्या त्या इमारतीत दांड्याची जुनी लिफ्ट होती, जाळीच्या सरकत्या दाराची, कोपऱ्यात एक लाकडी स्टूल. ऑफिसात सगळे त्यांना 'मामा' म्हणत. कुठल्या कंपनीत कोण जाणार, कोण येणार, कुणाचं कुणाशी बिनसलं, हे काकांना पगारपत्रक करणाऱ्या कारकुनाच्या आधी कळे. "लिफ्टमधे साहेब लोकांना मी दिसत नाही," असं ते म्हणत. त्यात तक्रार नव्हती. पुढे तिथे बटणांची लिफ्ट आली, तेव्हा शेवटची काही वर्षं ते त्याच स्टुलावर बसून लोकांसाठी बटणं दाबत राहिले. मुंबईत माणसाला इतक्या सहज काढून टाकत नसत.

मी इंजिनिअर झालो त्या वर्षी नोकऱ्यांचा दुष्काळ होता. पंचवीसेक अर्ज केले होते. चौथ्या मजल्यावरच्या एका कंपनीतून अचानक बोलावणं आलं, नोकरी मिळाली, आणि तिथल्या तीन वर्षांच्या अनुभवावर मी अमेरिकेला आलो. पहिल्या वर्गाच्या गुणांवर आपण निवडलो गेलो अशी माझी समजूत होती. काका निवृत्त होऊन गावी गेल्यावर एकदा भेटायला गेलो, तेव्हा ओटीवर पान लावता लावता ते सहज म्हणाले, "त्या दिवशी तीनदा चुकवली."

"काय चुकवली?"

"लिफ्ट. चौथ्या मजल्याचे मोठे साहेब एकटेच होते. नेहमी कुणी ना कुणी असायचं. तळमजल्यापासून तोंड उघडायचं म्हणतोय, धीर होईना. तिसरा गेला. मग चौथ्यावर चार बोटं वर नेली. खाली घेतली, ती जास्त खाली. परत वर. जाळी तशी उघडता येत नाही ना."

साहेब म्हणाले, "मामा, आज हात बसत नाही वाटतं?"

काका म्हणाले, "वय झालं, साहेब. आता घरात पोरगा इंजिनिअर झालाय. त्याचा अर्ज तुमच्याच टेबलावर पडलाय. नोकरी द्या म्हणत नाही. नुसता वाचा."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, लिफ्ट लागली फरशीला. साहेब काही बोलले नाहीत, जाळी सरकवून निघून गेले. मला वाटलं, आता आपलीपण जाते नोकरी." काकांनी पानाला चुना लावला. "संध्याकाळी उतरताना म्हणाले, पोराला सोमवारी पाठवून द्या."